तिसऱ्या कपानंतरचा चमचा

गेस्के डर्क्सच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला खिडकीशेजारी, खांद्याच्या उंचीवर, दोन भोकं होती. सून नवी नवी घरात आली तेव्हा तिनं ती बुजवायला चुना कालवला. गेस्केनं तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि बाहेर ओतून दिली. भिंत माझी, भोकंही माझी, एवढंच ती म्हणाली. पोरगी बिचारी संध्याकाळपर्यंत रडत होती.

गेस्के गोड बाई नव्हतीच. तोंडानं फटकळ, मनात एकदा अढी बसली की बसली. चर्चमध्ये तिच्या बाकावर बसायला बायका बिचकायच्या, आणि तिच्या लोण्याला बोट लावून चाखून बघायची तर दुकानदाराचीही छाती नव्हती. पण नॉर्डन ग्रोव्ह गावात कोणाकडे बाळंतपण अडलं, कोणाची गाय अडली, तर पहिली हाक तिलाच जायची. ती यायची, शिव्या घालायची, काम उरकायची आणि कॉफीसुद्धा न घेता निघून जायची. अशी माणसं गावाला हवी असतात आणि नकोशीही असतात.

अकरा वर्षांची असताना ती आईबापांबरोबर जर्मनीतल्या फ्रीजलंडच्या दलदलीतून अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आली. आली ती सगळी फ्रीजन माणसं एकमेकांच्या शेजारीच वसली, आपापसात घरची जर्मन बोली बोलली, जिला ती प्लाट म्हणत. गेस्के इंग्रजी शिकली ती बाजारापुरती. तिच्या आईला तेवढीही गरज पडली नाही. म्हातारीला 'येस', 'नो' आणि 'गुड बाय' हे तीन शब्द यायचे, आणि तेही ती चुकीच्या जागी वापरायची.

एकोणीसशे अठरा साली म्हातारी एकोणऐंशीची होती. दोन्ही डोळे गेलेले. गेस्केचा भाऊ ओको याच्याकडे ती राहायची, नदीपलीकडे, अकरा मैलांवर. ओको आणि त्याची बायको दिवसभर शेतात. म्हातारी एकटी खुर्चीत. तिच्या आयुष्यात दिवसाकाठी एकच गोष्ट घडायची, सकाळी अकराचा चहा, आणि तो ती लेकीबरोबर घ्यायची. टेलिफोनवर.

हा टेलिफोन शेतकऱ्यांनी स्वतः उभा केलेला होता. शहरातली कंपनी इतक्या आडबाजूला तार आणायला तयार नव्हती, तेव्हा यांनीच आपली कंपनी काढली. खांबांसाठीचे एक्केचाळीस खड्डे गेस्केच्या नवऱ्यानं, हार्मनं, स्वतः खणले. तार ओढली ती रस्त्यापलीकडच्या रॉय हॅस्केलनं. एका तारेवर सात घरं. घंटी कोणासाठीही वाजो, सातही घरांत वाजायची. डर्क्सांची दोन लांब, एक आखूड. आणि घंटी कोणाचीही असो, सातही घरांत रिसिव्हर उचलला जायचा. यात कोणाला लाज नव्हती. जितके कान लागतील तितका आवाज बारीक होतो, त्यावरून आज किती जण हजर आहेत ते कळायचं. "आता तिघी तरी ठेवा गं, मला आईचं ऐकू येईना," असं गेस्के भर बोलण्यात दटावायची, आणि खट् खट् खट् असे तीन रिसिव्हर खरोखरच खाली जायचे.

एक रिसिव्हर मात्र कधी खाली जायचा नाही. तो कोणाचा ते गेस्केला नक्की ठाऊक होतं, कारण त्याच्यामागे एक लंगडं घड्याळ चालायचं. एक टोला लांब, एक तोकडा. ते मर्टल हॅस्केलच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ, रॉयच्या बायकोचं. समोरासमोर घरं, मध्ये चाळीस पावलांचा रस्ता. मर्टल अस्सल इंग्रजी घरातली, पण वीस वर्षांत दोघींचं खमीर, अंडी, कात्री, आजारपणं सगळं एक झालेलं. मर्टल आली की गेस्के कॉफी करायची. चहा कधी पुढे केला नाही. चहा आपल्या माणसांचा, असं तिचं म्हणणं होतं, आणि मर्टललाही कॉफीच आवडायची. प्लाट तिला अर्धीमुर्धीच कळायची, पण रोज अकराला लंगडं घड्याळ तारेवर यायचं. गेस्केला त्याचा राग नव्हता. उलट एखाद्या दिवशी ते आलं नाही तर ती संध्याकाळी बरं-वाईट विचारायला रस्ता ओलांडायची.

फ्रीजन चहाची रीत अशी. कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा. त्यावर कडक, उकळता चहा, म्हणजे खडा तडतडतो. मग कडेनं साय. ढवळायचं नाही. ढवळणारा माणूस उपरा. तीन कप हा पाहुण्याचा हक्क, तीनाच्या आत उठवणं म्हणजे अपमान. आणि मग चमचा कशाला, तर तो बशीत नुसता पडून असतो. पुरे झालं की पाहुण्यानं तो उचलून आपल्या रिकाम्या कपात उभा ठेवायचा. टिण्ण. तोवर यजमानीण ओततच राहणार.

आई आणि लेक अकरा मैलांवर बसून हे सगळं यथासांग करायच्या. खडा तडतडला की म्हातारी म्हणायची, आज चहा कडक झालाय. तीन कपांत गावभरच्या गप्पा. मग आधी गेस्केचा चमचा टिण्ण, मग आईचा टिण्ण, आणि दोन्हीकडचे रिसिव्हर खाली. चमचा वाजल्यावर एक शब्द बोलायचा नाही. तारेवरच्या साऱ्या बायकांना ते पाठ होतं. टिण्ण झालं की त्याही आपापल्या चुलीकडे वळायच्या.

मग लढाई आली. अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली, आणि वर्षभरात आयोवाच्या गव्हर्नरांनी हुकूम काढला की शाळेत, चर्चमध्ये, गाडीत, रस्त्यावर आणि टेलिफोनवर इंग्रजीखेरीज दुसरी भाषा चालणार नाही. कायदेमंडळाचा ठराव नाही, काही नाही. एका माणसाची सही.

रविवारी पाद्रीबुवांनी इंग्रजीतून प्रवचन वाचलं. वाचलं कसलं, अडखळत ठेचकाळत पार पाडलं. अर्ध्या म्हाताऱ्या माना खाली घालून बसल्या होत्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदा देव त्यांच्याशी परक्या भाषेत बोलत होता. बाहेर पडल्यावर लोक हवापाण्याचंही बोलले नाहीत. पण मुकाट ऐकलं सगळ्यांनी. हार्मनंही. गेस्केच्या अंगाचा तिळपापड होत होता, आणि नवरा तिला म्हणत होता की लढाई संपेपर्यंत जरा गप्प बस.

सोमवारी अकराला तिनं फोन लावला. ओकोनं आईच्या हातात रिसिव्हर दिला आणि तो बाहेर गेला. गेस्केनं जमेल तसं इंग्रजीत म्हटलं, "आई, गुड मॉर्निंग. तुझी तब्येत कशी आहे?"

पलीकडे म्हातारी प्लाटमध्ये दाराकडे तोंड करून ओरडली, "अरे ओको, ही कोण बाई बोलतेय? माझ्या गेस्केला काय झालं?"

तारेवर पाच-सहा जणांचे श्वास होते, आणि लंगडं घड्याळ होतं. गेस्केनं तोंडातून शब्द काढला नाही. काढला असता तर प्लाटमधलाच निघाला असता. तिनं रिसिव्हर ठेवला आणि दुपारी घोडे जुंपून अकरा मैल गेली. आईला समजावलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडे प्रशियाचा शिपाई दारात येऊन सांगायचा काय करा, काय करू नका. म्हणून तुझा बाप घरदार सोडून निघाला. हा इकडचा तर तारेतून चुलीपाशी आला गं. आता कुठं जायचं?"

तोड म्हातारीनंच काढली. बोलायचं नाही म्हणाले ना, मग नको बोलायला. चहा घ्यायला तर कोणी बंदी केलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून अकराला घंटी वाजायची, रिसिव्हर उचलले जायचे, आणि दोघी मुकाट्यानं चहा घ्यायच्या. गेस्के कप तोंडाऐवजी फोनच्या कर्ण्यापाशी धरायची. खडा तडतडायचा. पलीकडे आईचा तडतडायचा. घोट घेतल्याचा आवाज, बशीचा आवाज. तीन कप. गेस्केचा चमचा, टिण्ण. आईचा चमचा, टिण्ण. संपलं. पहिल्या आठवड्यात गेस्केला हसू यायचं. नंतर नंतर तिला वाटायला लागलं की बोलत होतो तेव्हासुद्धा आई इतकी जवळ नव्हती.

जून, जुलै असे गेले. ऑगस्टात तालुक्याच्या संरक्षण समितीची नोटीस आली.

ही समिती म्हणजे कोर्ट नव्हे. न्यायाधीश नाही, पंच नाहीत. देशभक्ती कमी पडणाऱ्या लोकांना बोलावून घ्यायचं आणि जागेवर आणायचं, हे तिचं काम. अध्यक्ष थेअर, औषधाच्या दुकानाचा मालक. चिटणीस रॉय हॅस्केल. शेजारच्या प्रत्येक गावानं एक-दोन माणसं पकडून दिली होती, पेपरात नावं आली होती. नॉर्डन ग्रोव्हची पाटी कोरी होती आणि रॉयला ते टोचत होतं. त्यानं बायकोला विचारलं असणार, बायकोनं सांगितलं असणार. दुसरा कोण सांगणार? अकराला तारेवर शेवटपर्यंत टिकणारं घड्याळ एकच होतं.

शाळेच्या खोलीत पन्नास-साठ माणसं जमली होती. ज्यांच्या घरी गेस्केनं बाळंतपणं केली त्यांतलीही होती, मागच्या बाकांवर. थेअरनं मर्टलला उभं केलं. तिनं नव्या टोपीखालून, गेस्केकडे न बघता सांगितलं की रोज अकरा वाजता डर्क्सांचा फोन लागतो. कोणी बोलत नाही. आधी तडतड असा आवाज, मग थांबतं, पुन्हा तडतड, असं तीनदा. शेवटी धातूचा आवाज दोनदा, एकदा इकडून, एकदा तिकडून.

थेअरनं तिच्यापुढे बायबल धरलं आणि विचारलं, या खुणांचा अर्थ तिला ठाऊक आहे का?

मर्टलनं हात बायबलवर ठेवला. म्हणाली, "देवाशपथ, मला काही ठाऊक नाही. ते काय असतं मला कधीच कळलं नाही."

खोलीत कुजबूज झाली. सांकेतिक भाषा. नदीपलीकडे रेल्वेचा पूल आहे, त्यावरून सैन्याच्या गाड्या जातात, असं कोणीतरी म्हणालं. माणसं खरोखरच घाबरली. आंधळी म्हातारी खडीसाखर तडतडवून जर्मनीच्या कैसरला गाड्यांच्या वेळा कळवते, हे त्या खोलीतल्या शहाण्यासुरत्या माणसांना पटलं. ज्यांना पटलं नाही त्यांनी तोंडात मूग धरले. दोघांतले जास्त वाईट कोण, हे गेस्के पुढे आयुष्यभर ठरवत होती.

तिला विचारलं तेव्हा ती उभी राहिली. तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "ती चहाची साखर आहे आणि तो चमचा आहे. तुमच्या हुकमात इंग्रजी बोला असं लिहिलंय. थेअर, चमचा कुठल्या भाषेत वाजतो ते मला सांगा, मी त्याला इंग्रजी शिकवते."

मागच्या बाकावर एक जण हसला आणि लगेच खोकला.

डेनेही म्हणून एक आयरिश वकील होता गावात, म्हातारा, बोलावल्याशिवाय आलेला. त्यानं उठून विचारलं की ही समिती कोणत्या कायद्यानं बसलीय. सरकारनं काय करावं यासाठी देशाची घटना लिहिलेली नाही, म्हणाला. सरकारनं कुठं थांबावं यासाठी लिहिलीय. बाईच्या स्वयंपाकघराचा उंबरठा ही थांबायची जागा आहे. थेअर वैतागून म्हणाला की घटना शांततेच्या दिवसांसाठी आहे, सध्या लढाई चालू आहे.

"शांततेच्या दिवसांत तिची गरज कोणाला पडते हो?" डेनेही म्हणाला. त्याला खाली बसायला सांगण्यात आलं. तो बसला नाही, तर दोघांनी धरून बाहेर नेला.

गेस्केपुढे कागद ठेवला. त्यात लिहिलं होतं की मी शत्रूच्या भाषेत खुणा केल्या, मला पश्चात्ताप होतो, हा कागद तिन्ही चर्चमध्ये वाचून दाखवावा. सही केली तर प्रकरण मिटेल. हार्म तिच्या कोपराला हात लावून पुटपुटत होता, कर गं सही, काय जातंय. गेस्केनं कागद वाचला, घडी घातली आणि थेअरच्या टेबलाच्या डगमगत्या पायाखाली सरकवून दिला.

त्याच आठवड्यात दोन माणसं आली आणि भिंतीवरचा टेलिफोन स्क्रू काढून घेऊन गेली. त्यातला एक रॉय हॅस्केल. हार्मनं खणलेले खांब दारासमोर उभेच होते, त्यांवरची तार सहा घरांकडे तशीच जात होती. डर्क्सांच्या भिंतीला दोन भोकं उरली. एका सकाळी पुढच्या दाराला पिवळा रंग, देशद्रोह्याची खूण, फासलेला सापडला. हार्म घासायला बसला तर गेस्केनं ब्रश काढून घेतला. ज्यानं लावला त्याला रोज दिसू दे, म्हणाली.

पण खरी किंमत पडत होती ती नदीपलीकडे. ओको सांगायचा, म्हातारीला फोन काढल्याचं कितीदा सांगितलं तरी अकराला ती रिसिव्हर मागते. कानाला लावून बसते. एक कप, दुसरा, तिसरा. लेकीचा चमचा आधी वाजायचा, मग हिचा. आता तिकडून वाजतच नाही, म्हणून ही ठेवतच नाही. चौथा कप, पाचवा, सहावा. एकदा ओकोच्या बायकोनं कंटाळून स्वतःच म्हातारीच्या कपात चमचा ठेवला. म्हातारी इतकी भडकली की तिनं कप जमिनीवर फोडला. दुसऱ्याच्या कपात आपण चमचा ठेवायचा म्हणजे त्याला ऊठ, चालता हो म्हणायचं. फ्रीजन घरात वैऱ्यालाही कोणी तसं करत नाही. त्या सुनेनं नंतर पाया पडून माफी मागितली.

गेस्के आठवड्यातून दोनदा घोडे जुंपून जायची. मक्याची काढणी सुरू झाली तसं एकदा जायची. ऑक्टोबरात पाऊस लागला, रस्त्याचा चिखल झाला, आणि तापाची साथ आली.

एका गुरुवारी म्हातारीचं बिनसलं. ओकोनं सकाळी दहाला हॅस्केलांकडे फोन केला. तेच समोरचं घर. इंग्रजीत सांगितलं की आई जातेय, गेस्केला म्हणावं लगेच नीघ. मर्टलनं सांगते म्हटलं. तारेवरच्या बाकीच्यांनी ऐकलं, आणि मर्टल सांगेल म्हणून रिसिव्हर ठेवले.

चाळीस पावलं. गेस्के अंगणात कपडे वाळत घालत होती, मर्टलच्या खिडकीतून दिसत होती. मर्टल आली नाही. पिवळ्या दाराच्या घरी चिटणिसाची बायको गेलेली कोणी पाहिलं असतं तर? तिनं गडी रानातून यायची वाट पाहिली. तीन वाजता गड्यानं चिठ्ठी आणून दिली. गेस्के तशीच निघाली, चिखलात घोडे फसले, पोचायला दिवस बुडाला. म्हातारी पाचला गेली होती. ओको म्हणाला, दुपारभर शुद्धीवर होती, रिसिव्हर मागत होती.

त्या दिवसापासून गेस्केच्या लेखी रस्त्यापलीकडे घर नव्हतं. मर्टल दिसली की ती बादलीकडे बघायची, कोंबड्यांकडे बघायची, आभाळाकडे बघायची. लढाई संपली. गव्हर्नरांचा हुकूम गेला. टेलिफोन कंपनीचे लोक पेटी घेऊन आले, पुन्हा बसवतो म्हणाले. गेस्केनं त्यांना विचारलं, कोणाला लावू? ते पेटी घेऊन परत गेले.

हुकूम गेला तरी राज्यानं कायदा केलाच, की शाळेत मुलांना इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवायचं नाही. काही मास्तरांना त्यावरून दंड झाले, खटले वर वर जात राहिले. गेस्केनं त्यात लक्ष घातलं नाही. कायदा हा शब्द ऐकला की ती खोलीतून उठून जायची.

एकोणीसशे तेवीसच्या जूनमध्ये डेनेही त्याच्या खटारा मोटारीतून आला. हातात पेपर. त्यानं वाचून दाखवलं की वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानं ते भाषेचे कायदे मोडीत काढले. घटनेचं संरक्षण जन्मानं इंग्रजी बोलणाऱ्यांना आहे तितकंच दुसरी भाषा बोलणाऱ्यांनाही आहे, असं न्यायमूर्तींनी लिहिलंय. निकाल शाळांपुरता आहे, टेलिफोनचा त्यात शब्द नाही, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. पण तत्त्व तेच.

गेस्के बटाटे सोलत होती. तिनं विचारलं, "म्हणजे आता त्यांचा हात माझ्या चुलीपर्यंत पोचत नाही?"

"तेव्हाही पोचत नव्हता, गेस्के. नव्हताच अधिकार. तेव्हा तसं म्हणायला कोणी उभं राहिलं नाही, एवढंच."

"तुम्ही राहिलात," गेस्के म्हणाली, आणि तिनं त्याला चहा दिला. तीन कप. आपल्या माणसासारखा.

बातमी गावभर झाली. लोक एकाएकी फार मोकळे झाले. थेअर दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागला की त्याला ती समितीची कामं मनातून कधीच आवडली नव्हती. असं ऐकलं की गेस्केच्या डोक्यात तिडीक जायची. शिक्षा कोणाला झाली नाही, होणारही नव्हती. वाईट दिवस होते, म्हणायचं, आणि सगळं दिवसांच्या माथी मारून मोकळं व्हायचं.

त्याच आठवड्यात मर्टलनं रस्ता ओलांडला. रॉय वर्षापूर्वी वारला होता. तिनं जमीन विकायला काढली होती, ती कॅलिफोर्नियात बहिणीकडे जाणार होती. हातातल्या ताटात रुबार्बची पाई, म्हणजे आंबट देठांची भाजलेली गोड पोळी, कापडानं झाकलेली. दाराचा पिवळा रंग पावसापाण्यानं विटला होता, पण होता. तिनं त्याला हात न लावता दार वाजवलं.

गेस्केनं तिला आत घेतलं, खुर्ची दिली, आणि कॉफीचं भांडं न उचलता चहाचं उचललं. मर्टलला बरं वाटलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पाच वर्षांनी दार उघडलं आणि वीस वर्षांत न मिळालेला चहा पुढे आला. गेस्केनं कपात खडा टाकला. वर चहा ओतला. खडा तडतडला. मर्टल त्या आवाजानं किंचित दचकली, मग घोट घेत बोलायला लागली. एकदा सुरू झाल्यावर तिला थांबवेना. तिच्या मनावर किती ओझं होतं. रॉयपुढे तिचं काही चालत नसे. त्या गुरुवारी गडी सापडत नव्हता. जाण्याआधी सगळं स्वच्छ करून जावं असं वाटतं. गेस्के ऐकत होती. पेपरात निकाल आलाच आहे, मर्टल म्हणाली, झालं ते चूक होतं हे आता मोठ्या कोर्टानंच सांगितलं. मग आपण दोघींनी कशाला धरून ठेवायचं?

"मी खोटं बोलले नव्हते गं," ती म्हणाली. डोळे पुसले. "तेवढा एक विश्वास ठेव. मला खरंच माहीत नव्हतं तो आवाज कसला. आजही माहीत नाही. माहीत असतं तर मी सांगितलं नसतं का त्यांना?"

तिचा कप रिकामा झाला होता. पहिलाच कप. गेस्केनं किटली उचलली नाही. तिनं टेबलावरून हात पुढे केला, मर्टलच्या बशीतला चमचा घेतला आणि मर्टलच्या कपात उभा ठेवला.

टिण्ण.

मर्टल उठली. विचार न करता उठली, खुर्ची मागे सरकवून; एक हात टोपीकडे गेला, दुसरा पर्सकडे. वीस वर्षं त्या आवाजानंतर तिनं रिसिव्हर ठेवला होता आणि आपल्या कामाला लागली होती. टोपी डोक्यावर अर्धी चढली आणि तिच्या ध्यानात आलं. हात तिथंच थांबला. ती गेस्केकडे बघत राहिली आणि मानेपासून वर लाल होत गेली.

गेस्के जागची हलली नव्हती.

"बस ना, मर्टल," ती म्हणाली. "उठलीस कशाला? तुला कुठं माहीत आहे, चमचा ठेवला म्हणजे काय."

मर्टल बसली नाही. दार तिनं उघडंच टाकलं, आणि ती रस्ता ओलांडून तिच्या अंगणात शिरेपर्यंत गेस्केनं ते लावलं नाही. मग ती पाई कोंबड्यांना घातली, ताट घासलं, पुसलं, आणि दुसऱ्या दिवशी गडी रानातून आल्यावर त्याच्या हाती पाठवून दिलं.